निजण्यापूर्वीचे दंतधावन

सकाळी दात घासल्यावाचून चहाचा घोटही घ्यावयाचा नाही, हा दंडक मराठी घरांत अजून बऱ्यापैकी टिकून आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या कुटुंबांच्या बोलण्यात हिंदी-गुजराती शब्द मिसळले, न्याहारीत पोहे-जिलेबी आली. पण हा नियम सुटला नाही. रात्री मात्र जेवणे आटोपतात, बडीशेप फिरते, मुलांच्या हाती साखर घातलेल्या दुधाचा पेला येतो आणि अंथरुणे पडतात. दातांची आठवण होते ती दुसरा दिवस उजाडल्यावर.

रात्री दात घासणे हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे कोणी समजू नये. दंतधावन दोन वेळा आणि हिरड्यांस इजा न होऊ देता करावे, असे चरकसंहितेत सांगितले आहे. वाग्भटाने तर अष्टांगहृदयात सकाळ आणि जेवणानंतर अशा वेळाच नेमून दिल्या आहेत. त्यांपैकी सकाळ तेवढी आपल्या समाजाने जपली.

वास्तविक दोहोंत रात्रीचीच वेळ अधिक मोलाची. दातांवर चिकट थर साचतो. त्यातील जंतू साखरेपासून आम्ल निर्माण करतात आणि ते आम्ल दातांचे कठीण कवच पोखरते. दिवसा लाळ त्या आम्लाचा जोर मोडते, कवचाची थोडीफार झीजही भरून काढते. झोपेत लाळ अगदी कमी सुटते, म्हणून रात्री तोंडात राहिलेला गोडवा तासन्‌तास आपले काम करीत राहतो. इंदूरच्या सराफ्यात पेढ्या बंद झाल्यावर रबडी-जिलेबी खाऊ नये, असे सांगण्याचा अरसिकपणा आम्ही करणार नाही. परंतु घरी परतल्यावर कितीही वाजले असोत, ब्रश हाती घेतलाच पाहिजे.

शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांत गालावर हात धरून बसलेली मुले आम्ही नेहमी पाहतो. पालकांस विचारावे तर 'दुधाचा दात आहे, पडेल' हे उत्तर ठरलेले. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक मोठी दाढ येते. वर दोन, खाली दोन, अशा एकूण चार. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून त्या आल्याचे घरात कोणाच्या ध्यानी येत नाही. त्या कायमच्या असतात. गेल्या की पुन्हा येत नाहीत. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि उगवताना त्या शेजारच्या दातांहून खाली असल्याने मुलाचा ब्रश तेथे पोहोचतच नाही. शिवाय दुधाचे दातही उपेक्षणीय नव्हेत. ते अकाली गेले, तर मागून येणाऱ्या दातांची जागा आक्रसते.

म्हणून मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवावा. मुलास आरशापुढे उभे करून आपण पाठीमागे राहावे आणि त्याची हनुवटी वर करावी, म्हणजे मागची दाढ दिसते. मऊ ब्रश हिरडीकडे किंचित कलता धरून लहान वर्तुळांत दोन मिनिटे फिरवावा. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत मटाराएवढी पुरे. धार, झाबुआकडील काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तेथे दंतवैद्यांस विचारून घ्यावे. राखुंडीने कवच खरवडते. मिश्री तर भाजलेला तंबाखूच; ती मुलांच्या बोटास लागू देऊ नये.

घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण खळखळून चुळा भरू नयेत. पेस्टचा अंश दातांवर राहावा हाच हेतू आहे. आपल्या लोकांस हे सर्वांत जड जाते, असा आमचा अनुभव आहे.

राहिला वेळेचा प्रश्न. पेंगुळलेल्या मुलास मोरीपर्यंत ओढत नेण्यात रोजच रडारड होते. त्यापेक्षा दूध जेवणाबरोबरच द्यावे, पाने उचलली की लगेच ब्रश, आणि मग गोष्ट. त्यानंतर पाण्यावाचून काही नाही. त्याच वेळी आजोबांनीही आपली कवळी काढून, घासून पाण्यात ठेवावी. नातवंडे ती पाहण्यासाठी तरी मोरीपाशी जमतात.