बाहुलीची वाकळ

मराठवाड्यात वाकळ शिवणे हा कधीही छंद मानला गेला नाही. ते उन्हाळ्यातले काम होते. रब्बीची ज्वारी घरात आली की मृगाआधीच्या मोकळ्या दिवसांत जुनी लुगडी आणि धोतरे धुऊन, एकावर एक पसरून, दोघी-तिघींनी कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जायचे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील आज सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी स्त्रियांच्या हातांना हा धावदोरा ठाऊक आहे. पुढे विकतची ब्लँकेटे आली, गुडघ्यांमुळे जमिनीवर बसणे सुटले आणि ते हात रिकामे झाले. घरातली माणसे मायेनेच म्हणतात, ‘‘आता कशाला काही करता? निवांत बसा.’’ ते निवांतपण प्रकृतीला मानवते की नाही, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

मोठी वाकळ या वयात झेपणारी नाही. बाहुलीची वाकळ मात्र झेपते. वीतभर रुंद आणि दीड वीत लांब असे काम टेबलावर मावते, मांडीला ओझे होत नाही आणि दोन-तीन दुपारींत हातावेगळे होते. उतारवयात अर्धवट राहिलेली कामे मनाला फार लागतात. म्हणून काम लवकर पूर्ण होणे ही येथे मोठीच गोष्ट आहे. शिवाय ते कोणाला तरी द्यायचे असते. नातवंडे पुण्याला किंवा हैदराबादला असतात. त्यांच्यासाठी काय घ्यावे हे आजी-आजोबांना कळत नाही, दुकानापर्यंत जाववत नाही, आणि मग देण्याचा अधिकार हळूहळू पाकिटातल्या नोटेपुरता उरतो. स्वतःच्या हातची वस्तू तो अधिकार परत मिळवून देते.

सुई हातात धरली की विस्मरण टळते, असा दावा कोणी करू नये. तरीही अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधक डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे सांगण्याजोगा आहे. साठ ते नव्वद वयाच्या व्यक्तींपैकी काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, तुकड्यांची रजई शिवायला शिकवले. काहींना छायाचित्रण, तर काहींना दोन्ही. इतर काही जण तेवढाच वेळ गप्पा आणि सहलींत घालवीत होते. नवे कौशल्य शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती चाचण्यांत अधिक सुधारलेली आढळली, आणि त्यातही छायाचित्रण शिकणारे पुढे होते. माझ्या मते यातला धडा सुईचा नसून नवेपणाचा आहे. जन्मभर वाकळी शिवलेल्या आजींना धावदोऱ्यात नवे काही नाही. पण बाहुलीच्या पोलक्याची बोटभर बाही कशी बसवायची, हा प्रश्न त्यांनाही नवा आहे. आणि ज्या आजोबांनी सुई कधी धरलीच नाही, त्यांच्यासाठी तर साधी वाकळही नवीच विद्या. ‘हे बायकांचे काम’ म्हणून त्यांना वगळणे हा त्यांचाच तोटा.

वाकळीसाठी वापरून मऊ झालेले सुती कापड घ्यावे. सुई त्यातून सहज जाते, बोटांवर जोर येत नाही. खण किंवा जरीचा काठ दिसायला देखणा असतो, पण सुईला अडतो आणि जर मुलांच्या त्वचेला टोचते. रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. लहान मुले कापड तोंडात घालतातच. जुन्या धोतराचे दोन पदर, वर लुगड्याचा रंगीत तुकडा, चारही कडा आत दुमडून टाचलेल्या, आणि मग कडेने आत आत येणारे टाके. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंता होतो. गेलेल्या माणसाच्या लुगड्याची वाकळ करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याच लुगड्याची एक पट्टी बाहुलीच्या वाकळीत गेली, तर पणजीला कधी न पाहिलेल्या मुलाच्या हाती तिचे काहीतरी येते.

वाकळीनंतर उशी, लोड, झोळी, कुंची आणि परकर हे ओघानेच येते. परकरासाठी पाऊण हात लांबीची पट्टी चुणून कमरपट्टीला जोडली की झाले. नाडीऐवजी वेल्क्रोचा तुकडा लावावा. आजींच्या आखडलेल्या बोटांनाही तो सोपा आणि मुलाच्या कोवळ्या बोटांनाही. किनवट-माहूरकडील तांड्यांवर बंजारा स्त्रियांची फेटिया आणि काचळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बाहुलीलाही तसे नटवण्याचा मोह होईल. मूल मोठे असेल तर जरूर नटवावी. तीन वर्षांखालील मुलांसाठी मात्र आरसे, कवड्या, घुंगरू, मणी आणि बटणे पूर्ण वर्ज्य. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावणारा सुटा भाग लहान मुलाच्या घशात अडकू शकतो असे धरतात. म्हणजे जवळजवळ सगळीच बटणे त्यात आली. डोळे-नाक दोऱ्यानेच काढावे. गळ्यात अडकेल अशी लांब नाडी किंवा झोळीची दोरीही ठेवू नये. अगदी तान्ह्या बाळाच्या पाळण्यात तर बाहुली आणि तिची वाकळ दोन्ही नकोत.

शिवणाऱ्याची काळजीही तितकीच. उजवा हात चालत असेल तर उजेड डाव्या खांद्यावरून यावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास डॉक्टरांनी जवळचे काम करण्यास संमती दिल्यावर आणि चष्म्याचा नंबर ठरल्यावरच सुई धरावी. वीस मिनिटांनी मान वर करावी, दूर पाहावे, बोटे उघडझाप करावीत. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर जाड, मोठ्या नेढ्याची सुई आणि बोटात अंगुस्तान. तरीही दुखणे वाढले तर त्या दिवशी काम बंद. हात कापत असतील तर कोपरे टेबलावर टेकवावीत. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांना सुई टोचलेली कळत नाही आणि जखम चिघळू शकते. त्यांनी काम संपल्यावर बोटे नीट पाहावीत. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास टोचल्यावर ती जागा थोडा अधिक वेळ दाबून धरावी लागते.

घरच्यांचे काम थोडेच आहे, पण ते रोजचे आहे. सकाळी चार सुयांत दोरे ओवून लहान उशीला टोचून ठेवावेत. शाळकरी नातू-नातीला हे काम फार आवडते. संध्याकाळी चारच्या चार सुया परत मोजाव्यात, आणि एक कमी भरली तर सापडेपर्यंत वस्तू मुलाच्या हाती देऊ नये. हरवलेली सुई शोधायला लोहचुंबक उपयोगी पडते. विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीला बोथट टोकाची सुई आणि मॅटीचे कापड द्यावे, शेजारी बसावे. तेही जमत नसेल तर कापडाचे तुकडे रंगाप्रमाणे वेगळे करणे हेही त्याच कामातले काम आहे. एक गोष्ट मात्र कोणी करू नये: वाकडे पडलेले टाके त्यांच्या नकळत उसवून सरळ घालणे. ते त्यांच्या लक्षात येते, आणि दुसऱ्या दिवशी सुई हातात घेतली जात नाही.

येळवशीला मुले शेतात येतात, कडब्याच्या कोपीपाशी आंबील पिऊन दिवसभर खेळतात. तेव्हा देण्यासाठी आतापासून सुरुवात केली तर वाकळ, उशी आणि कुंची असा संच सहज तयार होतो. ज्यांची नातवंडे येऊ शकत नाहीत त्यांनी तो कोमट पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून टपालाने पाठवावा. सोबत कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे चिठ्ठीत लिहावे.