गाडी घसरली म्हणजे काय झाले?

(तृतीय वर्ष कला, तत्त्वज्ञान)

हा लेख वाचून विज्ञानाची मंडळी हसली असती. पण आपल्या महाविद्यालयात विज्ञानशाखाच नाही, तेव्हा ती भीती नाही. पदार्थविज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला होता. तो पुन्हा जुळला जून २०२२ मध्ये, पसरणीच्या घाटामुळे.

माझे वडील, ज्यांना आम्ही घरात अण्णा म्हणतो, भाड्याची गाडी चालवतात. वाई-पाचगणी-महाबळेश्वर हा त्यांचा रोजचा रस्ता. त्या दिवशी पाचगणीहून उतरताना मोसमातला पहिला पाऊस लागला. एका वळणाच्या अलीकडे म्हैस आडवी आली, अण्णांनी ब्रेक दाबला आणि गाडीच रस्त्यावर आडवी झाली. कठडा हातभर अंतरावर राहिला. मागे एक कुटुंब बसले होते, त्यांत एक तान्हे मूल. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. पण ते गृहस्थ खाली उतरून अण्णांना म्हणाले, "प्यायला आहात काय?" अण्णांनी आयुष्यात कधी थेंब घेतलेला नाही. त्यांनी उत्तर दिले नाही. घरी येऊन किल्ली खिळ्याला अडकवली आणि चार दिवस ती काढली नाही.

या चार दिवसांत निकाल देणाऱ्यांची वाण पडली नाही. कुणी म्हणे पाऊस, कुणी म्हणे वय. शेजारच्या आजींनी गाडीला लिंबू-मिरची नव्हती याकडे लक्ष वेधले. अण्णा स्वतः "माझंच चुकलं असेल" एवढेच म्हणत, आणि तेच मला सहन होत नव्हते. पाचव्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढतच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजात नेले.

मिस्त्रीकाकांनी गाडीकडे पाहिलेच नाही. हात पुसत त्यांनी विचारले, "अण्णा, घसरली म्हणजे नक्की काय झालं?"

मला हा प्रश्न विचित्र वाटला. घसरली म्हणजे घसरली! पण काकांच्या लेखी या एका शब्दात तीन निरनिराळे अपघात दडलेले असतात. स्टिअरिंग फिरवले तरी गाडी नाकासमोर सरळ गेली, तर पुढची चाके जाम झाली. गाडी एका बाजूला ओढली गेली, तर एका बाजूचा ब्रेक दुसरीपेक्षा जास्त धरतो आहे. आणि मागचे अंग पुढे यायला निघाले, तर मागची चाके आधी जाम झाली. इतिहासाच्या तासाला साक्षीदाराचे म्हणणे आणि त्याने काढलेला अर्थ वेगळे करायला शिकवतात. काका नेमके तेच करीत होते.

अण्णा आठवून म्हणाले, "आधी तोंड जरासं उजवीकडे ओढलं. म्हणून मी आणखी जोरात दाबला. मग मागचं अंग डावीकडे फिरलं."

"म्हणजे दोन गोष्टी झाल्या," काका म्हणाले.

इथे चाकाविषयी थोडे सांगणे भाग आहे. फिरणाऱ्या चाकाचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो, तो त्या क्षणी जमिनीच्या मानाने स्थिर असतो. गाडी धावते आहे, पण टायरचे पाऊल मात्र टेकून उचलले जाते, आपण चालतो तसे. म्हणून त्याची पकड चांगली असते. चाक जाम झाले की ते पाऊल फरफटते. जड कपाट हलवताना पहिला धक्का जोराचा लागतो आणि एकदा हलले की ते सोपे जाते, त्याचे कारण हेच: घसरणाऱ्या वस्तूचे घर्षण स्थिर वस्तूच्या घर्षणापेक्षा कमी. शिवाय फरफटणारे चाक आडवी पकडही गमावते. त्याला पुढे, मागे, बाजूला सगळ्या दिशा सारख्याच. मागची चाके अशी बेवारशी झाली की गाडीचे शेपूट डोक्याला ओलांडून पुढे जाऊ पाहते.

आणि मागचीच चाके आधी का? एसटीत उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक दाबला की आपण सगळे पुढे झुकतो. गाडीचेही वजन तसेच पुढच्या चाकांवर जाते आणि मागची हलकी होतात. घाटाच्या उतारावर तर जास्तच. म्हणून ब्रेकचे बहुतेक काम पुढच्या चाकांनी करावे आणि मागच्यांनी बेताने, अशी योजना मुळातच केलेली असते. ती योजना बिघडली कशी, हा खरा प्रश्न.

काकांनी जॅक लावला. एकेक चाक उचलायचे, ते हाताने फिरवायचे आणि मी आत बसून ब्रेक दाबायचा. मागची दोन्ही चाके थांबली. पुढचे उजवे थांबले. पुढचे डावे जरा कुरकुरले आणि काकांनी जोर लावताच फिरतच राहिले. चाक काढले तेव्हा पुरावा उघड्यावर आला. उजव्या चाकाची डिस्क आरशासारखी चकचकीत होती. डावीवर तांबूस गंज चढला होता. जिला पॅड घासतच नाही ती गंजणारच.

आता पास्कलविषयी. आम्हाला तो तत्त्वज्ञानाच्या तासाला भेटतो, ईश्वराच्या अस्तित्वावर पैज मांडणारा सतराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत म्हणून. तोच ब्रेकच्या पायपट्टीखालीही बसलेला आहे हे मला ठाऊक नव्हते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो, हा त्याचा नियम. पायाचा दाब ब्रेक ऑइलमधून चारही चाकांना जातो तो याच नियमाने. पण दाब पोचला तरी तिथला पिस्टन सरकायला हवा ना! आमच्या डाव्या कॅलिपरमधला पिस्टन गंजून जाम झाला होता. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि आतून गंज धरतो; म्हणून साधारण दोन वर्षांनी ते संपूर्ण बदलावे लागते. अण्णा कमी झाले की वरून भर घालीत. पुष्कळजण तेच करतात.

मग सगळी साखळी जुळली. पुढचे डावे चाक थांबवत नाही, म्हणून तोंड उजवीकडे ओढले जाते. पुढचे बळ अर्ध्यावर आलेले, म्हणून गाडी थांबेना. ड्रायव्हर आणखी जोराने दाबतो. हा वाढीव दाब हलक्या झालेल्या मागच्या चाकांना जाऊन ती जाम होतात. दोष पुढे, परिणाम मागे.

"ही ओढ आधी जाणवली नाही?" काकांनी विचारले. अण्णा गप्प झाले. दोनएक महिने ब्रेक दाबताना ते नकळत स्टिअरिंग किंचित डावीकडे धरीत होते. आपले रस्ते मधे फुगीर आणि कडेला उतरते असतात. डावीकडच्या त्या उताराने उजवीकडची ओढ बरीचशी झाकून टाकली होती.

एक गोष्ट अजून शिल्लक होती, आणि ती लिहिताना मला बरे वाटत नाही. मागचे टायर गुळगुळीत झाले होते. टायरच्या खाचांत झीज दाखवणारे लहान उंचवटे असतात, नक्षी १.६ मिलिमीटर उरली की ते पृष्ठभागाला येऊन मिळतात. आमचे केव्हाच मिळाले होते. मार्चमध्ये अण्णांनी दोनच नवे टायर घेतले, कारण चारांचे पैसे नव्हते. त्याच महिन्यात माझी फी भरलेली होती. ते नवे दोन त्यांनी पुढे बसवले. वळवणारी चाके पुढची, तेव्हा चांगला टायर पुढे, हा हिशेब कुणालाही पटेल. प्रत्यक्षात दोनच नवे असतील तर ते मागे बसवावेत. पुढचे घसरले तर पाय सैल करून सावरता येते. मागचे घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही.

पाऊस निर्दोष होता असे नाही. पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून गुळगुळीत लेप तयार होतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे ९ मीटरांत थांबते, ओल्यावर १५-१६ मीटर लागतात. दचकून पाय पोचेपर्यंतच्या एका सेकंदाचे ११ मीटर वेगळे. वेग दुप्पट केला तर ब्रेकचे अंतर चौपट. पण त्याच पावसात घाटातून इतर गाड्याही उतरल्याच होत्या.

चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा १९७८ साली मर्सिडीज-बेंझच्या मोटारीत आली. चाक अडकू लागले की ती सेकंदाला अनेकवार दाब सोडते आणि धरते. आमच्या जुन्या गाडीत ती नाही. असती तर शेपूट बहुधा फिरले नसते, पण गंजलेला पिस्टन तिलाही हलवता आला नसता.

काकांनी कॅलिपर बदलला, सगळे ऑइल काढून नवे भरले. नवे टायर मागे गेले, आणि पुढच्यांसाठी दोन उधारीवर आणले. संध्याकाळी पाऊस पडून गेल्यावर मोकळ्या मैदानात अण्णांनी वेग घेतला आणि ब्रेक दाबला. काकांनी ओल्या मातीवरच्या खुणा उकिडवे बसून पाहिल्या. त्या सरळ होत्या.

"अण्णा, आणखी एकदा," ते म्हणाले, "आता हात सैल ठेवून."

अण्णांनी हात सैल सोडले. गाडी सरळ थांबली.