इंजिन थांबते, हिशेब बॅटरीचा

मे महिन्यातली दुपार आणि सोलापुरातल्या सात रस्त्याचा लाल सिग्नल. चालक गिअर न्यूट्रलला टाकतो, क्लचवरचा पाय काढतो आणि इंजिन आपोआप बंद होते. वारा येत राहतो, पण थोड्याच वेळात तो कोमट लागतो. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे इंजिन थांबले की गारवा तयार होणेही थांबते. मागच्या सीटवरून आजी विचारतात, "गाडी बंद पडली का रे?" नवी गाडी आलेल्या घरांत हा प्रश्न हमखास येतो. त्यापाठोपाठ दुसरा येतो: ही भानगड कायमची बंद करता येईल का?

या सोयीला स्टार्ट-स्टॉप म्हणतात आणि ती आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. नाशिकला तयार होणाऱ्या स्कॉर्पिओत महिंद्राने २००८ साली 'मायक्रो हायब्रिड' या नावाने ती दिली होती. पुढे मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये, तर हिरोने त्याआधीच, २०१४ मध्ये, स्प्लेंडर आयस्मार्ट या मोटारसायकलवर ती आणली. कल्पना साधी आहे. उभ्या गाडीचे इंजिन इंधन जाळते आणि त्या बदल्यात एक फूटही पुढे नेत नाही.

किती जाळते? लहान पेट्रोल कारचे इंजिन नुसते चालू राहिले तर तासाला साधारण ०.६ ते ०.८ लिटर पेट्रोल पिते. एसी लावला की आणखी. पुन्हा सेल मारायला जास्त पेट्रोल लागते, ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. अमेरिकेतील आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या चाचण्यांनुसार, दहा सेकंदांहून जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्यातच इंधन वाचते.

आता आपल्या गावचा हिशेब मांडू. सोलापुरात रोज सगळे सिग्नल मिळून पाच मिनिटे थांबणे होत असेल, तर ३०० दिवसांत १५ ते २० लिटर पेट्रोल वाचेल. म्हणजे वर्षाला दीड-दोन हजार रुपये. पुण्या-मुंबईच्या कोंडीत हा आकडा कितीतरी वाढतो. मग सोलापुरात विकल्या जाणाऱ्या गाडीतही ही सोय का? याचे एक उत्तर पुण्यातच आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या 'एआरएआय'सारख्या संस्थांत ज्या ठरावीक चक्रावर गाडीचे ॲव्हरेज मोजतात, त्यात पाव भागाच्या आसपास वेळ गाडी उभीच असते. त्या वेळात इंजिन बंद राहिले की आकडा सुधारतो. एप्रिल २०१७ पासून कंपन्यांना आपल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनाची मर्यादाही पाळावी लागते. त्यामुळे कंपनीला एकेक ग्रॅम मोलाचा वाटतो.

पण माझ्या मते गाडीमालकाने आधी बघावी ती बॅटरी. सिग्नलला इंजिन बंद असताना दिवे, पंखा, म्युझिक, सगळे तिच्यावर चालते आणि वर पुन्हा सेल मारायचा भारही तिच्यावरच. साधी बॅटरी असे दिवसातून वीस-तीस वेळा सोसू शकत नाही. म्हणून अशा गाड्यांत 'ईएफबी' किंवा 'एजीएम' प्रकारची बॅटरी असते. तिच्या प्लेट वारंवार थोडे उतरणे आणि पुन्हा भरणे सहन करतील अशा केलेल्या असतात. स्टार्टर मोटर आणि क्रँकशाफ्टची बेअरिंगही जास्त वेळा सुरू होण्याच्या हिशेबाने बनवतात. त्यामुळे 'सारखे बंद-चालू होऊन इंजिन खलास होईल' ही भीती धरायचे कारण नाही.

भीती धरायचीच तर उन्हाची धरा. शिशाच्या बॅटरीबाबत एक ढोबळ नियम आहे: २५ अंशांच्या वर तापमान दर दहा अंशांनी वाढले की आयुष्य जवळपास निम्मे होते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि बॉनेटखाली तर त्याहून जास्त भाजते. त्यात आपल्या फेऱ्या छोट्या. जुळे सोलापुरातून नवी पेठेत जायचे, खरेदी करायची आणि परतायचे, एवढ्यात बॅटरी पुरती भरतही नाही. बॅटरीच्या ऋण टोकावर बसवलेला एक छोटा सेन्सर हे सगळे मोजत असतो. चार्ज कमी असेल, बॅटरी फार तापली असेल, केबिन अजून गार व्हायची असेल किंवा इंजिन पुरेसे गरम झाले नसेल, तर गाडी इंजिन बंद करत नाही. उन्हाळ्यात 'स्टार्ट-स्टॉप बिघडले' म्हणून गॅरेजला येणाऱ्या गाडीत बहुधा बिघाड नसतो, बॅटरी वाचवली जात असते. पावसाळ्यातही ते महिनोन् महिने काम करत नसेल, तर मात्र बॅटरी तपासून घ्यावी.

दुचाकीवर हा त्रास कमी. एसीच नाही आणि इंजिनही लहान. ॲक्टिव्हा १२५ मध्ये तर जनरेटर आणि स्टार्टर एकच यंत्र असल्याने सेल मारल्याचा खरखराटही होत नाही. पीळ दिला की निघाली.

कारमध्ये नको असेल तेव्हा काय करावे? डॅशबोर्डवर गोल बाणात 'ए' असलेले बटण दाबले की ते बंद होते, फक्त पुढच्या वेळी गाडी सुरू केल्यावर बऱ्याच गाड्यांत पुन्हा चालू होते. हँडगिअरच्या गाडीत बटणही लागत नाही. दोन-चार सेकंदांचेच थांबणे असेल तर क्लच दाबून ठेवा, इंजिन चालूच राहते. कोंडीत मुंगीच्या पावलांनी सरकताना बटण दाबावे. पुणे महामार्गावरून वेगात येऊन टोलनाक्यावर थांबतानाही ते दाबावे, कारण तापलेल्या टर्बोला थोडा वेळ तेल फिरते राहिलेले बरे.

गॅरेजमध्ये सुचवले जाणारे कायमचे उपाय मात्र करू नका. बॉनेटच्या स्विचची वायर तोडली की गाडीला बॉनेट सदैव उघडे वाटते. बॅटरीच्या सेन्सरचा प्लग काढला की बॅटरीला किती चार्ज द्यायचा, हेच गाडीला कळत नाही. ज्या बॅटरीसाठी हा खटाटोप, तीच मग लवकर जाते आणि वॉरंटीवर वाद होतो तो वेगळा.

बॅटरी बदलायची वेळ येते तेव्हा स्वस्त म्हणून साधी बॅटरी बसवून घेतली जाते आणि ती फार टिकत नाही. दुकानात जाल तेव्हा जुन्या बॅटरीवरचे 'ईएफबी' किंवा 'एजीएम' हे शब्द दुकानदाराला दाखवा आणि त्याच प्रकारची बॅटरी मागा.