मेघांवरील धूर

धुळे शहरात पांझरा नदीपलीकडे देवपूर वसले आहे. तेथे हिवाळ्यातील पहाटे पेटविलेल्या शेकोटीचा धूर गर्द कडुनिंबापुढे निळसर पांढरा दिसतो. तोच वर चढून उजळ आकाशापुढे आला, की मळकट तपकिरी भासतो. धूर तोच, पार्श्वभूमी मात्र निराळी.

दक्षिणेकडील आफ्रिकेत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गवताळ राने पेटतात. त्यांचा धूर अटलांटिक महासागरावर जाऊन सखल, शुभ्र मेघांच्या थरावर तरंगतो. गडद समुद्रावरील धूर सूर्यप्रकाश परतवून पृथ्वीला किंचित थंडावा देतो. शुभ्र मेघांवरील धूर मात्र तोच प्रकाश शोषून हवा तापवितो. म्हणून मेघांवर धूर किती, हे नेमके कळले पाहिजे. मेघांची शुभ्रता किती मंदावली, यावरून उपग्रह त्याचा अंदाज करतात. पण मुळात मेघच विरळ असेल तर?

हा संशय फेडण्यासाठी अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने २०१६ ते २०१८ या काळात 'ओरॅकल्स' ही मोहीम काढली. पहिल्या वर्षी नामिबियातील वॉल्व्हिस बे, पुढील दोन वर्षे साओ टोमे बेट, हे तिचे ठाणे होते. विमान मेघांच्या माथ्यालगत, धुराच्या खाली उडे. त्यावरील प्रकाशमापक सूर्याकडे रोखलेला असे आणि धुरातून गाळून किती प्रकाश उरला, हे तो मोजी. खालच्या मेघाशी त्याला कर्तव्यच नव्हते! उपग्रह त्याच जागेवरून त्याच सुमारास गेला असेल, तर दोन्ही आकडे शेजारी मांडून पाहत. वेळ साधणे मात्र सोपे नव्हते. उशीर झाला, तर वाऱ्याने धूर पुढे नेलेला असे.