ओझे आकाराचे नसते, नोंदींचे असते
संगणकाची देखभाल : लेखांक ७

चार जीबीचा एकच व्हिडिओ डिलीट केला, तर तो बोट उचलायच्या आत जातो. तेवढ्याच चार जीबीचा, पण दहा लाख बारीकसारीक फाइलींनी भरलेला फोल्डर डिलीट करायला घेतला, की पट्टी सरकत नाही, खिडकी गोठते आणि शेवटी वैतागून संगणकच बंद केला जातो. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधल्या चिखलोलीत हा त्रास ओळखीचा वाटावा. एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांत फाटकावरचा कॅमेरा, बिलांचे स्कॅन आणि यंत्रांच्या नोंदी एकाच संगणकात साठत जातात. नव्या गृहसंकुलांत कॅमेऱ्यांची चित्रे सोसायटीच्या कार्यालयातल्या संगणकावर येऊन पडतात. डिस्क भरली की दोष डिस्कला दिला जातो किंवा व्हायरसला. माझे म्हणणे असे, की बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. फोल्डर अडतो तो त्यातल्या मालाच्या आकारामुळे नव्हे, तर नोंदींच्या संख्येमुळे आणि रचनेमुळे. हे ध्यानात आले की जबरदस्तीची साधने शोधत बसावे लागत नाही.

यासाठी डिलीट करताना काय घडते, ते पाहावे लागेल. विंडोजमध्ये आज सर्रास वापरली जाणारी एनटीएफएस ही साठवणपद्धत १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आली. तिच्यात प्रत्येक फाइलीची एक नोंद मास्टर फाइल टेबल नावाच्या मध्यवर्ती दप्तरात असते आणि ती साधारण एक किलोबाइटची असते. फाइल डिलीट करणे म्हणजे तिच्यातला मजकूर खरवडून काढणे नव्हे. जमीन विकली तरी ती जागची हलत नाही, तलाठ्याच्या दप्तरात फेरफार होतो, तसाच हा व्यवहार आहे. फोल्डरच्या अनुक्रमणिकेतून नाव काढायचे, मध्यवर्ती नोंद मोकळी म्हणून दाखवायची, फाइलीने अडवलेली जागा रिकामी झाल्याची खूण करायची आणि मध्येच वीज गेली तरी दप्तर बिघडू नये म्हणून हे सारे बदल आधी रोजनिशीत टिपायचे. चार जीबीच्या व्हिडिओसाठी असा एक फेरफार लागतो. दहा लाख फाइलींसाठी दहा लाख लागतात, मग त्या सगळ्या मिळून चारच जीबी का असेनात.

हिशेब करून पाहू. एका कॅमेऱ्याने दर दहा सेकंदांना एक छायाचित्र साठवले, तर दिवसाला ८,६४० फाइली होतात आणि वर्षाला ३१,५३,६००. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचणारा दांडा योग्य जागी नेण्याचा वेळ धरला, तर विखुरलेल्या जागी जाऊन करायची कामे सेकंदाला शंभराच्या आसपासच होतात. प्रत्येक फाइलीसाठी दांडा एकदाच हलला असे मानले, तरी एका कॅमेऱ्याचे एक वर्ष पुसायला पावणेनऊ तास लागतील. विंडोज बरेच बदल एकगठ्ठा लिहिते, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ कमी लागू शकतो. उलट अँटीव्हायरस प्रत्येक फाइल तपासू लागला तर तो वाढतोही. पण मूळ गोष्ट बदलत नाही : वेळ फाइलींच्या संख्येबरोबर वाढतो, जीबीबरोबर नव्हे.

त्यात आपण नेहमी वापरतो ती पद्धत कामाची भर घालते. फाइल एक्स्प्लोररमधून फोल्डर डिलीट केला, की आधी सगळ्या फाइलींची मोजणी होते, कारण किती काम उरले हे पट्टीवर दाखवायचे असते. खरे काम त्यानंतर सुरू होते. कमांड प्रॉम्प्टमधली आरडी ही आज्ञा, तिरकी रेघ देऊन जोडलेल्या एस आणि क्यू या अक्षरांसह, ही मोजणी करत नाही आणि रिसायकल बिनकडेही जात नाही. म्हणूनच ती वेगवान आहे आणि म्हणूनच धोक्याची. फोल्डरचे नाव चुकले, तर परतीची वाट नाही. एंटर दाबण्याआधी नाव दोनदा वाचावे आणि हव्या त्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर नेऊन, उघडून पाहाव्यात.

फोल्डर अडण्याची कारणे मात्र संख्येपाशी संपत नाहीत, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. दुसरे कारण पत्त्याच्या लांबीचे. विंडोजमधल्या अनेक प्रोग्रॅमना आजही ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलीच्या नावापर्यंतचा सारा पत्ता २६० खुणांत बसवावा लागतो. ही मर्यादा उठवण्याची सोय विंडोज १० मध्ये २०१६ साली आली, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. मराठी नावे देणाऱ्यांनी इथे विशेष जपावे, कारण काना, मात्रा, वेलांटी यांची वेगळी मोजणी होते. ‘चिखलोली’ आपल्या डोळ्यांना चार अक्षरी दिसते, संगणक सात खुणा मोजतो. बॅकअपच्या पोटात बॅकअप ठेवत गेले, की मर्यादा केव्हा ओलांडली ते कळतही नाही. उपाय सोपा आहे : वरच्या फोल्डरांची नावे एकेका अक्षराची करावीत. तेवढ्याने भागले नाही, तर विंडोजमधलीच रोबोकॉपी ही आज्ञा वापरून एखाद्या रिकाम्या फोल्डरचे प्रतिबिंब त्या फोल्डरवर उतरवावे, म्हणजे तोही रिकामा होतो. लांब पत्ते तिला अडवत नाहीत. तिसरे कारण म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने फाइल उघडी धरून ठेवलेली असणे. कोणी धरली आहे, ते रिसोर्स मॉनिटरमध्ये फाइलीचे नाव शोधले की दिसते. तो प्रोग्रॅम बंद केला, की अडवणूक संपते. चौथे कारण दप्तरच बिघडल्याचे. तिथे आधी हवे ते दुसऱ्या डिस्कवर वाचवावे, मगच चेकडिस्क चालवावे. चार कारणांना चार वेगळे उपाय आहेत. म्हणून नकाराचा संदेश वाचल्याशिवाय इंटरनेटवरून ‘काहीही डिलीट करणारे’ सॉफ्टवेअर उतरवणे मला अनाठायी वाटते.

यावर कोणी म्हणेल, एसएसडी बसवा, प्रश्न मिटेल. एसएसडीत फिरणारी तबकडी नाही, त्यामुळे वेळ खूपच घटतो, हे खरे. पण फेरफारांची संख्या तेवढीच राहते आणि लांब पत्ता किंवा उघडी फाइल तिथेही अडवतेच. शिवाय कॅमेऱ्यांच्या मोठ्या साठ्यासाठी अजून हार्ड डिस्कच परवडते. दुसरा आक्षेप असा, की सरळ फॉरमॅट का करू नये? क्विक फॉरमॅट काही सेकंदांत होतो, फाइली दहा असोत की दहा लाख, कारण तो एकेक फेरफार करत नाही, दप्तरच नवे मांडतो. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा नाही. पण त्याच दप्तरात हिशेबाची बिलेही असतील, तर तीही जातात. तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे : डिस्क स्वस्त आहे, मग डिलीट करायचेच कशाला? कारण नोंद रिकामी बसत नाही. बॅकअप, अँटीव्हायरस आणि शोध या तिघांनाही प्रत्येक नोंदीवरून जावे लागते. नको असलेल्या तीस लाख फाइलींचा भार हव्या असलेल्या तीन हजार फाइलींवर पडतो, आणि बॅकअप रात्रभरात संपेना की तो घेणेच बंद होते. खरे नुकसान तिथे आहे.

म्हणून उपाय पुसण्याच्या वेळी नव्हे, साठवण्याच्या वेळी करायचा आहे. यंत्राने आपोआप तयार केलेल्या फाइली आणि माणसाने जपायची कागदपत्रे एका पार्टिशनवर ठेवू नयेत. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ वर्षे. फाटकावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रांचे आयुष्य त्या मानाने फार थोडे. दोन्हींचे आयुष्य वेगळे, तर त्यांची जागाही वेगळी हवी. कॅमेऱ्याच्या फाइली वर्ष, महिना, दिवस अशा फोल्डरांत जाऊ द्याव्यात आणि मुदत संपलेला एकेक दिवस टास्क शेड्युलरकरवी रोज रात्री डिलीट व्हावा. रोजचे ८,६४० फेरफार कोणाला जाणवणारही नाहीत. तेच वर्षभर तुंबले की संगणक अडतो. छोट्या कारखान्याला किंवा सोसायटीला यासाठी नवा खर्च नाही. एका दुपारी नीट बसून केलेली मांडणी पुरते, आणि ती फोल्डर भरण्याआधी करायची असते.

(पुढील लेखांकात : नोंद पुसली तरी मजकूर डिस्कवर राहतो, तर जुना संगणक विकण्यापूर्वी काय करावे?)