जो नव्हताच, तो शेंग लाँग!

दोस्तांनो, समजा एखादा पैलवान कुस्ती जिंकल्यावर म्हणाला, ‘माझ्याशी लढायचं तर आधी धोबीपछाड मोडून दाखव!’ तुम्हांला लगेच कळेल, की धोबीपछाड हा कुस्तीतला डाव. पण ज्याला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, त्याला काय वाटेल? त्याला वाटेल, धोबी पछाडराव नावाचे कुणी तरी भलेमोठे पैलवान असणार! मग तो गावभर विचारत सुटेल, ‘अहो, ते पछाडराव कुठं राहतात?’

हसू नका. अगदी अस्संच घडलंय. आणि तेसुद्धा एका गावात नाही, तर देशोदेशी!

१९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीनं ‘स्ट्रीट फायटर टू’ नावाचा व्हिडिओ गेम काढला. नाणं टाकायचं, आठांतला एक लढवय्या निवडायचा आणि भिडायचं. त्या आठांत एक भारतीयसुद्धा होता बरं का, हातपाय रबरासारखे लांब करणारा आणि तोंडातून आग ओकणारा धालसिम. (योगासनं केल्यावर माणूस आग ओकतो, हे त्या जपानी मंडळींना कुणी सांगितलं कोण जाणे!) पण आपली गोष्ट आहे पांढऱ्या पोशाखातल्या ऱ्यूची. ऱ्यूचा हुकमी डाव म्हणजे शोऱ्यूकेन. मूठ वळून खालून वर उसळी मारायची आणि समोरच्याला उडवायचं. शोऱ्यूकेन म्हणजे वर चढत जाणाऱ्या ड्रॅगनची मूठ.

लढत जिंकल्यावर प्रत्येक लढवय्या एक वाक्य फेकायचा. जपानी गेममध्ये ऱ्यू सांगायचा, की माझा शोऱ्यूकेन मोडल्याशिवाय तुझी धडगत नाही. इंग्रजी गेममध्ये मात्र पडद्यावर यायचं, ‘तुला शेंग लाँगला हरवावं लागेल, तरच तुझा निभाव लागेल.’

आता हा शेंग लाँग कुठून उपटला? त्याची गंमत अशी. जपानी लिपीत पुष्कळशी चिन्हं चिनी आहेत. चिन्ह तेच, पण जपानी माणूस ते एका तऱ्हेनं वाचतो आणि चिनी माणूस दुसऱ्या तऱ्हेनं. आपण ‘५’ लिहिलं तर तुम्ही ‘पाच’ म्हणता, इंग्रजी बोलणारा ‘फाइव्ह’ म्हणतो आणि कन्नड बोलणारा ‘ऐदु’, तसंच हे. ‘शोऱ्यू’ची जी दोन चिन्हं आहेत, ती चिनी भाषेत वाचली की होतात ‘शेंग लाँग’. भाषांतरात मुठीचं चिन्ह गळालं, उरलेली दोन चिनी पद्धतीनं वाचली गेली आणि डावाचा झाला माणूस!

खेळणाऱ्या पोरांना यातलं काय ठाऊक? त्यांनी डोकं लढवलं. आणि खरं सांगायचं तर झकास लढवलं! पाहा हं. ऱ्यू आणि केन या दोघांचे डाव सारखेच. म्हणजे दोघं एकाच गुरूचे चेले असणार. गुरू चेल्यापेक्षा भारी असणार. आणि ऱ्यू स्वतःच कुणा शेंग लाँगचं नाव घेतोय. म्हणजे शेंग लाँग हाच तो गुरू, आणि तो गेममध्येच कुठं तरी लपलेला आहे! पायरीवर पायरी कशी चपखल बसते पाहा. फक्त सगळ्यांत खालची पायरीच चुकीच्या वाचनाची होती. बरं, घरी खेळायचा गेम १९९२ मध्ये आला, तेव्हा त्याच्या अमेरिकेतल्या माहितीपुस्तिकेतही शेंग लाँग हाच ऱ्यू-केनचा गुरू म्हणून छापलेला! मग शंका कोण घेणार?

त्यातच एप्रिल १९९२ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ या अमेरिकन मासिकानं चक्क शेंग लाँगला भेटायची युक्ती छापली. ऱ्यू घ्यायचा. एकही फटका न खाता शेवटच्या एम. बायसनपर्यंत पोचायचं. मग बायसनलाही हात लावायचा नाही आणि त्याचा फटकाही खायचा नाही. वेळ संपून फेऱ्या बरोबरीत सुटत राहिल्या, की शेंग लाँग येतो, बायसनला भिरकावून देतो आणि तुमच्याशी लढायला उभा राहतो!

जरा हिशेब करा. बायसनच्या आधी दहा जण. प्रत्येकाला दोनदा हरवायचं, म्हणजे कमीत कमी वीस फेऱ्या, आणि अंगाला एक ओरखडासुद्धा नको! ही लबाडी किती हुशार होती, लक्षात आलं का? जमलं नाही तर दोष कुणाचा? तुमचाच. ‘तुला फटका बसला ना, मग कसा येईल तो?’ युक्ती खोटी आहे, असं छातीठोकपणे सांगायची सोयच नाही. पोरं पुन्हा नाणं टाकायची, पुन्हा हरायची. पुन्हा नाणं! खाऊचे पैसे मशीनच्या पोटात.

आणि महिना कोणता होता? एप्रिल. हो, एप्रिल फूल! युक्ती पाठवणाऱ्याचं नाव छापलं होतं ‘डब्ल्यू. ए. स्टोकिन्स’. ते सलग म्हणून पाहा. ‘वेस्ट टोकन्स’ असं ऐकू येतं, म्हणजे टोकनं वाया घालवा! खूण समोरच होती. पण कित्येकांच्या ध्यानातच आली नाही आणि इतर काही मासिकांनीही ती युक्ती पडताळून न बघता छापली. मासिकानं कबुली दिली ती थेट त्या वर्षाच्या अखेरीस. थट्टा समजू शकतो, पण इतके महिने गप्प बसणं मला तरी पटत नाही. नाणी पोरांची जात होती, मासिकाची नव्हे.

पण खरी मजा पुढेच आहे. १९९४ मध्ये कॅपकॉमनं ‘सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो’ काढला. त्यात काही अटी पुऱ्या केल्या, की शेवटच्या लढतीआधी एक लालबुंद केसांचा राक्षसी लढवय्या झेपावत येतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत बायसनचा निकाल लावतो आणि तुमच्यासमोर उभा राहतो. तो अकुमा. जपानात त्याला गौकी म्हणतात. ओळखीचं वाटतंय ना? युक्तीतली थाप जवळजवळ जशीच्या तशी पडद्यावर!

असं दुसऱ्या एका गेममध्येही झालं. १९९२ च्या ‘मॉर्टल कोम्बॅट’च्या मशीनमध्ये हिशेबाचा एक पडदा असायचा. त्यावर ‘अरमॅक्स’ असा शब्द होता. मूळ अर्थ काय, तर प्रोग्रॅममधल्या चुका मोजायची सोय. पोरं म्हणाली, हा लपलेला लाल निन्जा! ‘छे, असा कुणी नाही’ असा निरोप पुढच्या भागात उलटसुलट अक्षरांत लपवून ठेवला होता, तरी कुणी ऐकेना. शेवटी १९९५ मध्ये बनवणाऱ्यांनी अरमॅक नावाचा लाल निन्जा गेममध्ये घालूनच टाकला.

आणि ऱ्यूचा खरा गुरू? त्याचं नाव गौकेन, अकुमाचा थोरला भाऊ. ‘स्ट्रीट फायटर फोर’ २००९ मध्ये घरी खेळायला आला, तेव्हा गौकेन त्यात होता, आणि सुरुवातीला लपलेलाच! त्या मासिकानं आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘शेंग लाँग येतोय’ अशी बातमी पुन्हा छापली होती. या खेपेला मात्र पुष्कळ जणांनी आधी तारीख बघितली.