हिमोग्लोबिन पाहिले, शिसे कोण पाहणार?

आपला मुलगा अभ्यासात मागे पडतो, लक्ष देत नाही, लवकर चिडतो. अशा मुलावर घरात आणि शाळेत ‘ढ’ असा शिक्का बसतो. याची कारणे अनेक असतात. त्यातले एक रक्तात लपलेले असू शकते, ते म्हणजे शिसे.

लोह, जस्त, तांबे शरीराला थोडे पण हवेच असतात. शिशाचा मात्र काहीच उपयोग नाही आणि त्याची सुरक्षित पातळीही नाही. 100 मिलिलिटर रक्तात 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे आढळले, तर ते कुठून येते ते शोधून बंद करा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगात दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात एवढे शिसे असावे, असा युनिसेफचा 2020 चा अंदाज आहे.

शिसे येते कुठून?

पेट्रोलमधले शिसे 2000 साली बंद झाले. पण गाड्यांच्या आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडणे, शिसे वितळवणे, वायरी व इलेक्ट्रॉनिक भंगार जाळणे, ही कामे वस्तीच्या आसपास चालतात. काम करणाऱ्याच्या कपड्यांवरून ती धूळ घरात येते. जुना रंग, भंगार ओतून केलेली अ‍ॅल्युमिनियमची भांडी, भेसळीची हळद, सुरमा यांतूनही शिसे पोटात जाऊ शकते.

मुलींची जास्त काळजी का?

अंगात लोह कमी असले की आतडी शिसे जास्त शोषतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना आणि 31 टक्के मुलग्यांना रक्तक्षय आढळला. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. पुढे गर्भारपणात ते पुन्हा रक्तात उतरते आणि बाळापर्यंत पोचते.

तपासणी कशी?

हिमोग्लोबिन किंवा सीबीसी तपासणीत शिसे कळत नाही. त्यासाठी ‘ब्लड लेड’ ही वेगळी तपासणी लागते. घरात कोणी भंगाराचे किंवा बॅटरीचे काम करत असेल, तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा आणि ही तपासणी कुठे होईल ते विचारा. बोटातून रक्त घेतले तर त्वचेवरची धूळ मिसळून आकडा वाढू शकतो. म्हणून आकडा जास्त आला, तर शिरेतले रक्त घेऊन खात्री करून घ्यावी.

आकडा 45 किंवा जास्त असेल तर दवाखान्यात औषधोपचार लागतो. त्याखाली बहुधा औषध देत नाहीत. शिसे येण्याची वाट बंद करायची आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासायचे. रक्तशुद्धीच्या नावाने विकली जाणारी भस्मे परस्पर घेऊ नका. अशा काही औषधांत शिसेच सापडले आहे.

घरी एवढे करा

- कामाचे कपडे बाहेर बदला, वेगळे धुवा.
- जेवणाआधी साबणाने हात धुवा.
- झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.
- मुलांना उपाशी ठेवू नका. रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते.
- नाचणी, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, सुकट, कलेजी यांपैकी जमेल ते द्या. सोबत लिंबू द्या.
- शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी मुलांनी खाल्ली का, ते विचारा.

मुलांना बॅटऱ्या फोडायला मात्र कधीही बसवू नका. दोन पैसे मिळतील, पण त्यात मुलाची बुद्धी खर्ची पडते.